एरंडाचं गुऱ्हाळ

गुंदला मामांकडे निघताना मॉडेल बोट सोबत घेतली ती फक्त ट्यूनिंगसाठी, असं बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बेळगावात आमचा क्लब म्हणजे आम्ही चौघं, आणि बाकीच्या तिघांनी माझी बोट चौथी येताना इतकी वर्षं पाहिली आहे की तिथे आता कौतुकाची आशा नाही. मामांनी हायड्रोप्लेन कधी पाहिलेलं नव्हतं. कौतुकासाठी याहून चांगलं गिऱ्हाईक कुठून आणणार?

बोट सत्तर सेंटिमीटरची, इंजिन साडेतीन सीसीचं. या पावसाळ्यात तिचा जीर्णोद्धार केला. ट्यून्ड पाइप नवा, इंधनातलं नायट्रोमिथेन 10 टक्क्यांवरून 30 वर, आणि प्रोपेलर ऑक्टुराचा. हा प्रोपेलर तयार मिळतो हा गैरसमज आहे. तो घरी आणून कानशीने पातळ करायचा, धार लावायची, मग सोन्यासारखा तोलायचा. धावताना हायड्रोप्लेन पुढच्या दोन पाट्यांच्या टाचांवर आणि अर्ध्या बुडालेल्या प्रोपेलरवर तेवढं टेकतं, बाकी सगळं हवेत. म्हणजे बोट जितकी चांगली, तितकी ती पाण्यात कमी. माझी बहुतेक वेळ पाण्यातच असते.

केन वॉर्बीने सिडनीत घराच्या परसात बोट बांधली, लष्कराच्या भंगारातलं जेट इंजिन बसवलं आणि 8 ऑक्टोबर 1978 ला ब्लोअरिंग धरणावर ताशी 511 किलोमीटरचा विक्रम केला. तो अजून मोडलेला नाही. ही गोष्ट आमच्या घरी दर नव्या पार्टाबरोबर सांगितली जाते. "त्याने भंगारातलं आणलं होतं ना?" एवढंच बायको विचारते.

मामांनी बोटीकडे पाहिलंच नाही. इंधनाच्या डब्याचं झाकण मी उघडलं आणि ते लांबूनच म्हणाले, "एरंडेल?"

आता यावर बोलायलाच हवं. या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. मिथेनॉलमध्येच एरंडेल मिसळायचं, कारण ते त्यात विरघळतं, साधं खनिज तेल विरघळत नाही. आणि धातू तापला तरी एरंडेल त्याला चिकटून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनं याच्यावरच उडायची. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर ऑइलमधूनच आलं. हे सगळं आजीला ठाऊक नव्हतं, तरी दर सुटीत ती आम्हा भावंडांना ओळीत बसवून, नाक दाबून, आल्याच्या रसातून चमचाभर पाजायचीच. मी पोफळीच्या बागेत लपायचो. मामा शोधून आणायचे. बहिणीच्या मुलावर त्यांची माया असली तरी आजीची भीती जास्त होती. दुपारभर परसातल्या त्या खोपटासमोर रांग. तेव्हा जे फुकट मिळत असूनही मी पळालो, तेच आज पदरचे पैसे मोजून आणतो, निम्मं जाळतो आणि निम्मं पाइपातून शर्टावर उडवून घेतो. आजीने इंजिन आणि आतडं यांत भेद केला नसता. दोन्ही अडलं की औषध एकच. बरं, आतड्याला निदान नीडल व्हॉल्व्ह नव्हता...

"एरंडाचं गुऱ्हाळ संपलं असेल तर जेवायला चला," मामी आतून म्हणाल्या. पाऊण तास झाला होता.

दुपारी शेततळ्यावर गेलो. बोटीची फिन उजव्या बाजूला, त्यामुळे ती वळते उजवीकडेच, हे मी मामांना समजावलं. "म्हणजे प्रदक्षिणा," ते म्हणाले. "मग हरकत नाही."

प्लग तापवला, इंजिन पेटलं. तो आवाज क्लबात ऐकताना छाती फुगते. इथे पलीकडच्या झाडावरून धनेशांची जोडी पंखांचा मोठा आवाज करत उडून गेली, आणि मला सभेत ढेकर दिल्यासारखं झालं. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात राहणाऱ्या माणसांना आपण काय ऐकवायला आणलं?

दीड प्रदक्षिणा झाली. आणखी वेग दाखवायच्या मोहाने इंधनाची नीडल मी आधीच जरा जास्त आवळली होती, तिने दगा दिला. इंजिन तापून बंद. बोट तळ्याच्या मधोमध. अशा वेळी टेनिस बॉल बांधलेला गळ फेकून ती ओढायची असते. गळ बेळगावात होता. मामांनी सुपारी काढायचा लांब बांबू आणला, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि बोट काठाला आणली.

मग बराच वेळ ते पाणी निथळत बसले.

"ही धरणावर चालेल?"

"तिथे कोण सोडणार, मामा?"

"सोडलं तर, असं विचारतोय. किती लांब जाईल?"

"दोनशे मीटर. फार तर तीनशे."

"मग शाळेपर्यंत जाईल."

सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, बरीच घरं रामनगरला गेली, धरण 101 मीटर उंच आहे, हे सगळं मला पाठ होतं. पुण्याच्या पाहुण्यांना मीच सांगतो. मामांची शाळा काठापासून किती मीटरवर होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. वॉर्बीच्या धरणाची तारीख मात्र पाठ.

"पुढच्या वेळी आण परत," उठताना ते म्हणाले. "पण आवाज कमी करून. तिथे वरडत जायचं नाही."

आवाज कमी करणारा पाइप मिळतो. त्याने वेग थोडा पडतो, आणि तो आताच्या पाइपाहून महाग आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.