कामकाजावर परिणाम नाही

आणखी एका बँकेला दंड झाला. बँकेने लगोलग शेअर बाजाराला कळवलं, 'या दंडाचा आमच्या कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही.' वाचून जीव भांड्यात पडला. आम्हाला भीती होती, आता सुधारतात की काय!

दंड का, तर ग्राहकांची केवायसी वेळेत केली नाही. कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी 10 वर्षांतून एकदा करायची असते. 10 वर्षं अपुरी पडली.

आता हाच नियम काउंटरच्या अलीकडून बघा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या, जैनथच्या शेतकऱ्याची केवायसी राहूनच गेली की शेवटी खातं गोठवतात. कापूस यार्डात उतरला, काटा झाला, पैसे खात्यात जमा झाले आणि तिथेच अडकले. मग आधार, पट्टादार पासबुक, दोन फोटो घेऊन तो रांगेत. फॉर्म इंग्रजी, साहेब तेलुगू, माणूस मराठी, सर्व्हर डाऊन. 'खातं गोठल्याचा माझ्या कामकाजावर कोणताही परिणाम होणार नाही' असं पत्र त्याने कुणाला धाडायचं? खतवाल्याला?

आदिलाबादच्या सरकारी खरेदीत कापसात 8 टक्क्यांवर ओलावा निघाला की भाव कापतात, 12 च्या वर निघाला की गाडी परत. रात्रीचं दव पडलं, तरी दोष शेतकऱ्याचा. 'ओलाव्याचा माझ्या कापसावर परिणाम नाही' असं म्हणून बघा, यार्डातली पोरं हसतील. ते ओलावा मोजायचं यंत्र एकदा बँकेच्या फायलींना लावा की! कुठली फाइल किती वर्षं दाबून ओली झाली, कुणाच्या टेबलाखाली बुरशी धरली, सगळं कळेल. आणि 12 च्या वर आकडा गेला की शाखा परत पाठवा, व्यवस्थापकासकट.

चेष्टा पुरे. बँकिंग नियमन कायदा 1949 चा आहे. त्यानुसार नोटीस आली की 14 दिवसांत दंड भरायचा. बँका निमूट भरतात, कारण तो दिरंगाई करणाऱ्या साहेबाच्या पगारातून जात नाही. पावती फाइलला लावली की नियम पाळला, हे यांना शिकवलं कुणी? नियामकाने चूक दाखवली तर ती दुरुस्त करायची असते, कारण तिजोरीतला पैसा यांच्या बापाचा नाही, आमचा आहे.

आणि बँक बुडालीच, तर ठेव विम्याचे मिळतात मुद्दल-व्याज धरून जास्तीत जास्त 5 लाख. 4 फेब्रुवारी 2020 च्या आधी 1 लाखच मिळत होते.