करून घेऊ!

जगात वस्तू विकत घेणारी माणसं असतात, मागून नेणारी असतात आणि तिसरी एक जात असते, 'करून घेऊ' म्हणणारी. ही तिसरी जात साकीनाक्याच्या आसपास जास्त आढळते, कारण तिचं सगळं खाद्य खैरानी रोडवर मिळतं. एका गाळ्यात पाइप वाकवतात, शेजारच्या गाळ्यात त्याला वेल्डिंग मारतात, पलीकडे पावडर कोटिंगची भट्टी, समोर सोफ्याचा फोम कापणारा. आणि यातलं काही बिघडलंच, तर कोपऱ्यावर भंगारवाला तराजू घेऊन बसलेला आहेच. इथे राहून दुकानातून तयार वस्तू आणणं म्हणजे आळंदीत राहून इंद्रायणीचं पाणी बाटलीतून विकत घेणं, असं या मंडळींचं मत असतं.

आमच्या चांदिवलीच्या सोसायटीत या जातीचा एक अस्सल नमुना आहे. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना 'करून घेऊ साहेब' म्हणतात आणि त्यात आपली थट्टा आहे हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे शर्टाच्या खिशात मेजरिंग टेप आणि बोलण्यात मिलिमीटर. त्यांच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्या साखळीवर वर-खाली होतात आणि माणसाचं वजन पेलतात. हे कुणी, केव्हा आणि कशासाठी तपासलं, ते विचारायची सोय नाही.

निवृत्तीनंतर साहेबांनी डबल बास घेतला. व्हायोलिनच्या घराण्यातला हा सगळ्यात थोरला भाऊ. उंची सहा फुटांच्या घरात, वजन दहा किलोच्या आसपास, आवाज पोटातून येणारा. पन्नास-साठच्या दशकांत सबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर ज्या वाद्यवृंदांसाठी स्वरलेखन करायचे, त्यांत, हिंदी चित्रपटांच्या गाण्यांखाली, हा घुमत असायचा, आणि तो वाजवणारे बरेचसे गोव्याकडचे. पुढे बास गिटार आली, मग कीबोर्ड आला आणि हे थोरले भाऊ एकेक करून घरच्या कोपऱ्यात उभे राहिले. कलिनाच्या एका घरातला असाच एक बास साहेबांनी पुतण्याच्या ओळखीतून मिळवला. छोट्या हत्ती टेम्पोतून तो आला, लिफ्टमध्ये तिरका बसला आणि हॉलमध्ये येऊन पोचला. तेव्हा साहेबांना पहिला प्रश्न पडला, तो 'हा वाजवायचा कसा' हा नव्हे. 'हा ठेवायचा कशावर?'

प्रश्न अगदीच फालतू नव्हता. बासची घोडी डिंकाने चिकटवलेली नसते. ती नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते. पोटातली काठीही तशीच, दाबाखाली धरलेली. उभा बास धाडकन पडला तर घोडी सुटते, काठी पडते आणि मान तुटली तर सगळंच आटोपलं. म्हणून जगभर त्याचे स्टँड मिळतात. एका प्रकारात खालच्या फुगीर भागाला दोन हात आधार देतात आणि पाठीला टेकू असतो. दुसऱ्यात मान धरणारा आकडाही असतो, बास ठेवला की तो आपोआप मिटतो. दोन्ही घडी होऊन पिशवीत जातात. पुतण्याने मोबाइलवर किंमत दाखवली, दहा हजारांच्या पुढे. साहेबांनी चष्मा वर केला. "यात आहे काय? चार पाइप आणि फोम. हजारात करून घेऊ!"

इथे या जातीचा हिशेब समजून घ्यायला हवा. मालाचे पैसे धरायचे. मजुरी धरायची नाही, कारण मिस्त्री ओळखीचा. रिक्षाभाडं धरायचं नाही, कारण नाक्यावर आपण एरवीही गेलोच असतो. पहिला नमुना फसला तर त्याचा खर्च 'शिकण्याचा खर्च', तो वस्तूवर टाकत नाहीत. दुसरा फसला तर तो मिस्त्रीच्या चुकीचा, तोही आपल्यावर पडत नाही. चहा आणि वडापाव हे तर माणुसकीचे पैसे. असं करता करता शेवटी वस्तू हजारातच बसते. वहिनींनी एकदा वेगळ्या वहीत बेरीज ठेवली होती. ती वही नंतर कुणाला दिसली नाही.

पहिला स्टँड एक इंची एम.एस. पाइपचा. साहेबांनी फुलस्केपवर समोरून, बाजूने आणि वरून असं ड्रॉइंग काढलं, कोपऱ्यात अधिक-उणे अर्धा मिलिमीटर अशी सूट लिहिली आणि खैरानी रोडच्या गाळ्यात मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्रीने कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "साब, ये भैंस बाँधने का है?" साहेबांनी वाद्य समजावून सांगितलं. मिस्त्रीने मान डोलावली आणि भैंस बांधता येईल असाच स्टँड केला. वजन बावीस किलो, म्हणजे बासच्या दुप्पट. तो वर न्यायला दोन माणसं लागली आणि जागेवर ठेवल्यावर कळलं, की बासच्या बुडाला एक टोकदार सळई असते, जिला वादक एंडपिन म्हणतात, ती ड्रॉइंगमध्ये आलेलीच नाही. हात फुगीर भागाला टेकायच्या आधीच सळई जमिनीला लागत होती. ती आत सारता येते, हे पुतण्याने सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "वाद्याने स्टँडप्रमाणे बदलायचं की स्टँडने वाद्याप्रमाणे?" तत्त्वाचा प्रश्न झाला. स्टँड परत गेला.

दुसऱ्या स्टँडला सळईसाठी भोक होतं आणि हातांवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. पकड एकदम झकास. जूनमध्ये दमट हवा सुरू झाली आणि जुन्या व्हार्निशशी रबराचं असं जमलं, की बास उचलला तेव्हा कडेवर दोन काळे पट्टे उमटले. काही रबरं व्हार्निशला खातात, म्हणून मधे सुती कापड किंवा नमदा घालावा, हे वादकांना ठाऊक असतं. पण साहेबांना वादकांपेक्षा ट्यूबवाल्याची संगत जास्त.

तिसऱ्याला चाकं होती.

खरं सांगायचं तर चाकांची कल्पना वाईट नव्हती. हॉलमध्ये पाहुणे आले की बास आत ढकलता येईल. पण फ्लॅटच्या लाद्या वरवर सपाट दिसल्या तरी बऱ्याचदा गॅलरीकडे उतरत्या असतात आणि चाकांना ब्रेक लावायचा राहिला होता. रात्री पंख्याच्या वाऱ्याने म्हणा, खालून गेलेल्या टँकरच्या हादऱ्याने म्हणा, बास निघाला. वहिनी पाणी प्यायला उठल्या, तर काळोखात सहा फुटी धिप्पाड इसम एक अक्षर न बोलता गॅलरीकडे चाललेला! त्यांच्या किंकाळीने अर्धी विंग जागी झाली. "अहो, एक तर तो राहील, नाहीतर मी," असं त्या म्हणाल्या. साहेबांनी लगेच टेप काढली. "ब्रेक करून घेऊ!"

चौथा एस.एस.चा, आर्गन वेल्डिंगचा, ब्रेकवाला आणि देखणा. गणपतीत त्याचा पाया मखराला लागला आणि पंधरा ऑगस्टला सोसायटीचा झेंडा त्यात बसला. बास वाजताना मात्र कुणी ऐकला नव्हता. एकदा साहेब एन.सी.पी.ए.ला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मैफलीला गेले, तेही दुर्बीण घेऊन. मध्यंतरात बासवाले वाद्यं कशावर ठेवतात ते त्यांना पाहायचं होतं. परत आले ते अचंब्यात. "अहो, काही नाही! सरळ जमिनीवर, कुशीवर आडवी निजवतात!" मग थोडा विचार करून म्हणाले, "त्यांना साकीनाका लांब पडतो."

पुतण्याने शेवटी एका म्हाताऱ्या वादकाला घरी आणलं. एके काळी रेकॉर्डिंगला वाजवणारे गृहस्थ, हात थरथरणारे. त्यांनी त्या चमकत्या स्टँडकडे सभ्यपणे पाहिलं, ब्रेकची तारीफ केली, बास बाहेर काढला आणि खांद्याला टेकवला. थरथर कुठे गेली कळलं नाही. तासभर ते बोटांनी तारा छेडत होते. दारात शेजारी जमले, खालच्या मजल्यावरची भांडी किणकिणली आणि वहिनींनी पहिल्यांदा त्या वाद्याजवळ खुर्ची ओढून घेतली. मग म्हाताऱ्याने चटई मागितली, बास कुशीवर निजवला, गज शेजारी ठेवला. "आम्ही असाच ठेवायचो. फक्त कुणाच्या पायात येणार नाही ते बघायचं," असं म्हणून ते चहाला बसले.

साहेब त्या आडव्या बासकडे बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता तरी पटलं. त्यांनी गुडघ्यावर बसून चटईची जाडी मोजली, कुशीची गोलाई मोजली, कागद मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खैरानी रोडच्या गाळ्यात मिस्त्रीच्या हातात नवं ड्रॉइंग होतं: आडव्या बाससाठी पाट, दीड इंची फोम, वर नमदा, खाली एस.एस.ची चौकट. मिस्त्रीने या वेळी कागद सुलटा धरला.

"हो जाएगा साब. पहिये लगाने हैं?"