गोलरक्षकास दोष देण्याची शास्त्रोक्त पद्धती

टोरांटो शहरी नव्याने वास्तव्यास आलेल्या मराठी गृहस्थास बर्फ उपसण्याचे फावडे, दोन कानटोप्या आणि भुयारी रेल्वेचे कार्ड एवढा सरंजाम जमला म्हणजे आपली सिद्धता पूर्ण झाली असे वाटू लागते. परंतु ऑक्टोबर उजाडतो, मेपल लीफ्स या हॉकीसंघाचा हंगाम सुरू होतो, आणि कचेरीच्या लिफ्टमध्ये तीन परस्परांस अपरिचित माणसे ‘या वर्षी गोलरक्षकाचे काय?’ एवढेच पुटपुटून एकदम निःश्वास टाकतात, तेव्हा आपल्या शिक्षणात केवढी मोठी उणीव राहून गेली आहे हे त्याच्या ध्यानी येते. ती उणीव भरून निघावी या शुद्ध हेतूने हे मार्गदर्शन लिहीत आहोत. या विषयातील आमचा अधिकार केवळ सोसण्याच्या ज्येष्ठतेवर अधिष्ठित आहे, हेही आरंभीच नमूद केलेले बरे.

प्रथम जागेची पाहणी करावी. बर्फावरील हॉकीचा गोल सहा फूट रुंद व चार फूट उंच असतो, आणि त्यात जी वस्तू शिरू द्यावयाची नाही ती म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची, गोठवून दगडासारखी केलेली रबरी चकती, जिला सर्व जग पक म्हणते. सामन्यासाठी अठरा खेळाडू आणि दोन गोलरक्षक सज्ज होतात. पैकी अठराजण पाऊणएक मिनिट बर्फावर धावपळ करून पुन्हा बाकावर येऊन बसतात, पाणी पितात, टॉवेलाने तोंड पुसतात आणि गर्दीत मिसळून जातात. एकटा गोलरक्षक तेवढा साठ मिनिटे ठाण मांडून उभा, आणि गोल झाला की लाल दिवा लागतो तोही नेमका त्याच्याच पाठीमागे. पंगतीत आमटी खारट निघाली तर बोल वाढप्यास लागतो, आचारी आत मुदपाकखान्यात सुरक्षित असतो. त्याच न्यायाने टोरांटोत पराभवाचा जाब नेहमी गोलरक्षकास विचारावा. कोणत्या बचावपटूने पक कोणाच्या पायात दिला, याची चौकशी करीत बसणे हे नवखेपणाचे लक्षण समजले जाते.

यानंतर सन 1967 चे पारायण करावे. त्या वर्षी कॅनडा देशाच्या स्थापनेची शताब्दी होती, लीफ्स ज्या लीगमध्ये खेळतात तीत अवघे सहा संघ होते, आणि टोरांटोने मॉन्ट्रियलचा सहा सामन्यांत पाडाव करून स्टॅन्ली चषक जिंकला. त्या दिग्विजयात गोल राखण्याचे काम टेरी सॉचक (वय 37) आणि जॉनी बॉवर (वय 42) या दोन वयस्कर गृहस्थांनी वाटून घेतले होते, आणि पुढच्याच महिन्यात लीगने संघांची संख्या दुप्पट करून खेळाडूंची फेरवाटणी मांडली, तीत सॉचकला लॉस एंजेलिसच्या नव्या संघाने उचलून नेले. तेव्हापासून चषक तर राहोच, पण अंतिम फेरीचा उंबरठाही या संघाने ओलांडलेला नाही. नवख्याने हे वर्ष तोंडपाठ करावे, मात्र स्वतःहून कधीही उच्चारू नये. ते उच्चारण्याचा वंशपरंपरागत हक्क मॉन्ट्रियलच्या माणसाकडे आहे आणि तो बजावण्यात तो कसूर करीत नाही.

पूर्वीच्या काळी दोष देण्याची रीतसुद्धा किती दिलदार होती, याचा एक दाखला दिल्यावाचून पुढे जाववत नाही. 1949 साली संघाचे सर्वाधिकारी कॉन स्माइद यांनी आपला स्थूल गोलरक्षक टर्क ब्रोडा यास फर्मावले की, वजन 190 पौंडांवर आणल्याशिवाय गोलात उभे राहावयाचे नाही. ब्रोडा तेव्हा 197 पौंडांचा होता. सात पौंडांचा हा प्रश्न वृत्तपत्रांनी युद्धवार्तेसारखा छापला. ब्रोडाने उपवास केले, काटा खाली आणला, आणि गोलात परतताच प्रतिपक्षास एकही गोल करू दिला नाही. अपराध स्पष्ट, शिक्षा स्पष्ट, आणि मुक्ततेचा मार्ग वजनाच्या काट्यावरून जाणारा! आजचा कारभार इतका सरळ राहिला नाही. आज गोलरक्षकास काढून टाकतात, आणि मग तो दुसऱ्या गावी जाऊन उत्तम खेळतो.

या प्रकारच्या दुःखाचे मूळपीठ म्हणजे टूका रास्क प्रकरण होय, आणि ज्याने त्याचा सांगोपांग अभ्यास केला नाही त्याने आपण लीफ्सचे अनुयायी आहोत असे सांगण्याचे धाडस करू नये. लीगमधील संघ नवोदित खेळाडू वाटून घेतात त्या 2005 च्या निवडीत हा फिनलंडचा पोरगा टोरांटोने पहिल्याच फेरीत घेतला. पुढल्या वर्षी कारभाऱ्यांनी दप्तर तपासले. आपल्याकडे जस्टिन पॉगी नावाचा दुसरा होतकरू गोलरक्षक आहे, दोघांचे काय करावयाचे, असा सुज्ञ विचार केला. आणि रास्क बॉस्टनला देऊन मोबदल्यात अँड्र्यू रेक्रॉफ्ट आणला. रेक्रॉफ्टला न्याय द्यावयाचा तर त्याने पहिल्या हंगामात 37 सामने जिंकून दिले; पण दोन वर्षांत त्यालाही निरोप मिळाला. पॉगी लीगमध्ये सारे मिळून सात सामने खेळला. रास्क टोरांटोच्या वेषात एकदाही बर्फावर उतरला नाही, आणि 2014 साली बॉस्टनच्या वेषात लीगमधील सर्वोत्कृष्ट गोलरक्षकाचा वेझिना सन्मान घेऊन गेला. 2013, 2018 आणि 2019 या तिन्ही वर्षी निर्णायक सातव्या सामन्यात बॉस्टनने टोरांटोस हरविले तेव्हा समोरच्या गोलात हाच उभा होता. उभा होता म्हणताना 2013 पुरता एक खुलासा आवश्यक आहे. त्या रात्री तिसऱ्या सत्रात टोरांटो 4–1 ने पुढे होता. बॉस्टनने आधी एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात आणखी दोन गोल करून बरोबरी साधली, ती रास्कला बाकावर बसवून त्याच्या जागी जादा आक्रमक घेऊन, आणि मग जादा वेळेत सामना घेतला. म्हणजे आपण देऊन टाकलेला गोलरक्षक गोलात असला तरी घात करतो आणि नसला तरी करतो. एवढे होऊनही शहराने दुसऱ्या दिवशी दोष दिला तो जेम्स रायमर या आपल्याच विनम्र गोलरक्षकास, हे शास्त्राला धरूनच झाले.

आपला आणखी एक गोलरक्षक वेसा टोस्काला, त्याच्याविषयी फार विस्तार करीत नाही. बर्फाचे मैदान 200 फूट लांब असते. मार्च 2008 मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सच्या एका बचावपटूने सुमारे 197 फुटांवरून पक नुसता पलीकडे भिरकावून दिला, तो टप्पे घेत आला, आणि आत गेला. असा प्रसंग ओढवला असता घरातील लहान मुलांस दुसऱ्या खोलीत न्यावे. पंजाबी बांधवांसाठी 2008 पासून या खेळाचे धावते वर्णन त्यांच्या भाषेत दूरचित्रवाणीवर होते, त्यामुळे त्यांच्या उद्गारांस भाषेचा आधार तयार मिळतो. मराठी माणसास हा शब्दसंग्रह घरूनच आणावा लागतो, आणि आमचा अनुभव असा की तो पुरतो.

आता राखीव गोलरक्षकाचा सिद्धांत. बाकावर टोपी घालून बसलेला दुसरा गोलरक्षक हा नेहमी बर्फावरच्या गोलरक्षकापेक्षा श्रेष्ठ मानावा. त्याच्या हातून आज एकही गोल झालेला नाही, हा पुरावा कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल. मुख्य गोलरक्षकाने लागोपाठ दोन सामने गमावले की राखीवास गादीवर बसविण्याची मागणी करावी. तो बसला आणि त्यानेही दोन गमावले की पहिला आता विश्रांतीमुळे ताजा झाला असेल, असे गंभीरपणे म्हणावे.

परंतु या सिद्धांताचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, हे 22 फेब्रुवारी 2020 च्या रात्री परमेश्वराने टोरांटोस उदाहरण घेऊन समजावून सांगितले. त्या दिवशी कॅरोलायना हरिकेन्सचा संघ पाहुणा होता. त्यांचा पहिला गोलरक्षक, म्हणजे तोच आपला जुना जेम्स रायमर, आरंभीच जायबंदी झाला. मग दुसरा, पीटर म्राझेक, टोरांटोच्याच एका आक्रमकाशी टक्कर होऊन बाहेर गेला. लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार अशा आणीबाणीसाठी यजमान गावातला एक हौशी गोलरक्षक प्रेक्षागृहात तैनात असे आणि गरज पडेल त्या संघाच्या चाकरीत जाई. त्या रात्री हे वतन डेव्हिड एअर्स यांजकडे होते. वय वर्षे 42. 2004 साली आईचे मूत्रपिंड मिळून पुन्हा उभे राहिलेले. बर्फ गुळगुळीत करणारे झाम्बोनी यंत्र हाकण्याचा अनुभव गाठीशी. आणि सराव खुद्द लीफ्सच्या खेळाडूंबरोबरही केलेला. डोक्यावरचा मुखवटासुद्धा टोरांटोच्या दुय्यम संघाचा होता. पहिले दोन फटके आत गेले आणि शहरास हायसे वाटले. पुढचे आठही त्यांनी अडविले. कॅरोलायना 6–3 ने जिंकला आणि एअर्स यांची काठी हॉकीच्या संग्रहालयात दाखल झाली, जे संग्रहालय, सांगावयास दुःख होते, टोरांटोतच आहे.

अशा प्रसंगी सच्च्या अनुयायाचे वर्तन कसे असावे? टाळ्या वाजवाव्यात. खरोखर वाजवाव्यात, कारण माणूस त्या टाळ्यांस पात्र होता आणि त्या रात्री प्रेक्षकांनी त्याबाबत मनाचा कोतेपणा दाखविला नाही. मग घरी जाऊन शांतपणे हिशेब करावा की आपल्या लक्षाधीश आक्रमकांनी ज्यास सरावात पाहिले त्या गृहस्थावर दोन सत्रांच्या आत मिळून दहाच फटके मारले. हा हिशेब पूर्ण होण्यापूर्वी झोपी जावे. अन्यथा दोषाचा काटा गोलरक्षकावरून ढळण्याचे भय असते. पुढे 2021 साली टोरांटोने गोलरक्षक हवा म्हणून ज्यांस करारबद्ध केले त्यांत त्या रात्री जखमी झालेला म्राझेकही होता, हे आम्ही केवळ कागदोपत्री नोंद राहावी म्हणून सांगतो.

काटा ढळू शकतो असे म्हटले, तेव्हा शिबंदीचा जाबता एकदा उघडून दाखविणे प्राप्त आहे. लीग प्रत्येक संघाच्या एकूण तनख्यावर मर्यादा घालते. 2019–20 साली ती 8 कोटी 15 लाख डॉलर होती. महामारीत उत्पन्न आटल्यामुळे पुढे दोन वर्षे ती तेथेच गोठली. या खजिन्यातून ऑस्टन मॅथ्यूज, जॉन टॅव्हारेस, मिच मार्नर आणि विल्यम नायलँडर या चार आक्रमक सरदारांचा तनखा चुकता केला की जवळजवळ निम्मी रक्कम संपे. टॅव्हारेस तर बालपणी लीफ्सची चादर पांघरून झोपलेल्या आपल्या छायाचित्रासह 2018 साली घरी परतला होता, आणि अशा भावपूर्ण पुनरागमनाचे मोल सात वर्षांस 7 कोटी 70 लाख डॉलर ठरले. उरलेल्या निम्म्यात सारे बचावपटू, तिसऱ्या-चौथ्या फळीचे कष्टकरी आणि दोन्ही गोलरक्षक बसवावयाचे. मुख्य गोलरक्षक फ्रेडरिक अँडरसनच्या वाट्यास वर्षाला 50 लाख येत. गडाचे सारे द्रव्य घोडदळावर उधळून किल्लेदाराच्या हाती गंजलेली समशेर द्यावी, आणि दरवाजा पडला की किल्लेदारास तोफेच्या तोंडी द्यावे, असा हा प्रकार आहे असे काही विक्षिप्त लोक म्हणतात. त्यांच्या संगतीस राहू नये. घोडदळाने साध्या हंगामात केलेले गोल मोजावेत, डोळे निववावेत, आणि एप्रिलमध्ये बाद फेऱ्या सुरू झाल्या की तेच गोल कोठे जातात हे विचारू नये. अँडरसन 2021 मध्ये कॅरोलायनास गेला आणि पुढल्याच हंगामात सर्वांत कमी गोल देणाऱ्या संघाच्या गोलरक्षकांस मिळणारा जेनिंग्ज करंडक त्याने सहकाऱ्यासह पटकावला. पाहा, आमचे म्हणणे खरे ठरले. माणूस चांगला होता, जागा वाईट होती.

वसंत ऋतूतील आचारधर्म थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरात तीन सामने लागोपाठ जिंकले तर विजययात्रेचा मार्ग आखू नये. इतर शहरांचे लोक ती थट्टा आपल्यासाठी राखून ठेवतात. 2023 साली 2004 नंतर प्रथमच एक फेरी जिंकली तेव्हा लोक रस्त्यावर नाचले, ते क्षम्य होते. 2025 साली फ्लोरिडाविरुद्ध पहिले दोन्ही सामने जिंकूनही सातव्यात 6–1 अशी दाणादाण उडाली. पहिल्याच सामन्यात डोक्याला मार बसून बाहेर गेलेला अँथनी स्टोलार्झ हा मूळचा फ्लोरिडाकडूनच आणलेला गोलरक्षक होता, यात काही संकेत आहे की काय, याचा शोध उन्हाळ्यावर सोपवावा.

उन्हाळ्याची सुरुवात 1 जुलैस होते, जेव्हा मुक्त खेळाडूंचा बाजार उघडतो. त्याच दिवशी कॅनडाचा राष्ट्रदिन असल्याने रात्री दारूकाम होते. ते नव्या गोलरक्षकाच्या आगमनार्थ आहे असा समज करून घेऊ नये. नव्याचे नाव कळताच त्याच्या पूर्वीच्या संघाने त्यास का सोडले याची चौकशी टाळावी, त्याच्या उंचीची स्तुती करावी, आणि ‘याला फक्त चांगल्या बचावाची गरज आहे’ हे वाक्य नोव्हेंबरपर्यंत पुरवून वापरावे. त्याच्या नावाची जर्सी खरेदी करण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा, कारण शिंप्याचा शेवटचा टाका पडण्यापूर्वी नाव बदलण्याची शक्यता असते. ज्यास जर्सी घेणे भागच आहे त्याने 1 क्रमांकाची घ्यावी. ब्रोडा आणि बॉवर या दोघांच्या सन्मानार्थ तो क्रमांक 2016 साली निवृत्त करण्यात आला असल्यामुळे, तो पाठीवर असताना आता आणखी गोल होण्याचा संभव राहिलेला नाही.