कुकीजचे दप्तरदार

हयातीची पस्तीस वर्षे महसूल खात्यात इतरांची दप्तरे राखण्यात वेचलेल्या गृहस्थास, आपलेही दप्तर कोणी अज्ञात इसम परभारे राखीत आहे हे उतारवयात कळल्यावर जो सात्त्विक संताप येतो, त्याचे दर्शन घ्यावयाचे असल्यास सकाळी दहाच्या सुमारास आमच्या दप्तरदारांच्या संगणकाशेजारी जाऊन बसावे. (असे एक दप्तरदार हल्ली प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असतातच.) पंचांग पाहण्यासाठी का होईना, एखादे संकेतस्थळ उघडावे आणि ‘सर्व स्वीकारा’ असे ठसठशीत बटण पुढे यावे, की दप्तरदार त्याच्याकडे टेबलाखालून पाकीट सरकवणाऱ्या पक्षकाराकडे पाहावे तसे पाहतात, चष्मा पुसतात, आणि कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांतून ‘प्राधान्ये’ नामक दालनात शिरून, ‘वैध हितसंबंध’ या भारदस्त शीर्षकाखाली मालकास न विचारता चालू करून ठेवलेली एकेक कळ, चहा निवून जाईपर्यंत, बंद करीत बसतात.

वास्तविक या प्रकरणाचा आरंभ निरुपद्रवी होता. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुणाने, ग्राहकाच्या टोपलीत काय आहे याची आठवण ग्राहकाच्याच यंत्रात राहावी, एवढ्याच हेतूने ‘कुकी’ नामक ही चिठ्ठी योजिली. संकेतस्थळाने ती द्यावी, ब्राउझरने जपावी आणि पुढल्या भेटीस परत दाखवावी. पुढे जाहिरातदार नामक तिऱ्हाइताने शेकडो संकेतस्थळांवर आपली चिठ्ठी चिकटवून माणसाच्या फिरण्याचा माग काढण्यास सुरुवात केली, आणि दप्तरदारांचे वैर न्यायतः या तिऱ्हाइताशीच आहे. सफारीने २०२० साली त्याला सरसकट मज्जाव केला. गूगलने त्याच वर्षी क्रोममधून त्याच्या हद्दपारीचा मनोदय जाहीर केला आणि २०२४ साली तो गुंडाळून ठेवला, तेव्हा दप्तरदारांना तिळमात्र आश्चर्य वाटले नाही. सरकारी नोकरीत त्यांनी याहून वजनदार हुकूम फिरलेले पाहिले होते.

पुतण्याने सांगून पाहिले, ‘काका, सेटिंगमध्ये फक्त थर्ड पार्टी कुकीज बंद करा, बाकीच्या राहू द्या.’ परंतु निम्मी जप्ती हा प्रकार दप्तरदारांना मंजूर नाही. रोज दिवेलागणीला ते यच्चयावत कुकीज पुसून टाकतात. आणि ‘यांनी नकार दिला आहे’ ही नोंदसुद्धा संकेतस्थळे बहुधा कुकीतच ठेवीत असल्यामुळे, दुसऱ्या सकाळी तीच संकेतस्थळे तीच पृच्छा नव्या उत्साहाने करतात. हे समजल्यावर ते क्षणभर स्तब्ध झाले. ‘म्हणजे माझा नकारही त्यांच्याच दप्तरी? चालायचे नाही!’ असे म्हणून त्यांनी नकारांची स्वतंत्र नोंदवही घातली: दिनांक, संकेतस्थळ, शेरा, स्वाक्षरी. शिवाय कुकीज पुसल्या की विजेच्या बिलापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सर्वत्र पुन्हा ओळख पटवावी लागते, सबब सर्व पासवर्डही त्याच वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवले.

वहीवर ‘गोपनीय’ असा तांबडा शिक्का आहे. ती दारालगतच्या तिपाईवर असते, कारण तिच्या शेवटच्या पानांवर दुधाचा हिशेब आहे, आणि दरमहा एक तारखेस दूधवाला तो स्वतःच पाने चाळून पडताळून पाहतो.