शास्त्रोक्त कुंडीरक्षण

कुंड्या राखायच्या तर आधी चोर ओळखता आला पाहिजे. तो रात्री येत नाही. पहाटे साडेपाचला येतो, आंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून. हातात काठी असते. ती गुडघ्यांसाठी असेल असा आपला समज होतो, पण तिच्या टोकाची आकडी जास्वंदीची फांदी कंपाउंडबाहेर ओढण्यासाठी असते. दुसऱ्या हातात दुधाची धुतलेली पिशवी. हटकलं तर "देवासाठीच नेतोय हो" असं उत्तर येतं आणि आपणच नास्तिक ठरतो. अंगारकीला तांबड्या जास्वंदीसाठी पोलीस बंदोबस्त मागून पाहावा. मिळणार नाही, त्या दिवशी सगळा बंदोबस्त देवळापाशी असतो.

मग कायद्याकडे वळावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही. तोडली की होते. तेव्हा आरोपी फांदी वाकवत असताना ओरडू नये, 'कट्' असा आवाज येईपर्यंत दम धरावा. कुंडीतलं झाड जमिनीला जोडलेलं मानायचं का, या प्रश्नावर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन तास सहज निघतात. शिवाय मालाची किंमत 5,000 रुपयांहून कमी, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याचे पैसे परत केलेले, असं असेल तर शिक्षा समाजसेवेची आहे. माल म्हणजे निर्माल्य. ते स्वीकारायला परडी तयार ठेवावी.

कुंडीच उचलून नेणारा वर्ग निराळा. 2023 मध्ये गुरुग्रामला जी-20 च्या सजावटीच्या कुंड्या भर दिवसा एका महागड्या गाडीत भरल्या गेल्या, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि अटकही झाली. तात्पर्य, चोराला कुंडी परवडत नाही म्हणून तो चोरतो हा भ्रम सोडावा. इथे उपाय एकच आणि तो खरोखर चालतो. माती भरण्याआधी कुंडीच्या बुडाच्या भोकातून साखळी आत घ्यावी, आतल्या टोकाला भोकापेक्षा लांब सळईचा तुकडा आडवा अडकवावा, वर खापरी आणि माती घालावी, बाहेरचं टोक ग्रिलला कुलपाने बांधावं. भोक पुरतं बुजवू नये, नाहीतर कुंडी राहील आणि झाड कुजेल. खिडकीतल्या कुंड्यांना तर तार हवीच. तिथे चोरापेक्षा वारा आणि खालून जाणाऱ्याचं डोकं, या दोघांची काळजी जास्त.

पाट्यांवर फार भरवसा नको. 'फुले तोडू नयेत' या पाटीचा उपयोग पिशवी अडकवायला होतो. 'विषारी औषध फवारले आहे' ही पाटी कढीपत्ता मात्र वाचवते, कारण तो फोडणीत जातो. जास्वंदीला तिचा उपयोग नाही. देव फूल खात नाही हे चोराला पक्कं ठाऊक असतं. मनीप्लांट चोरून आणलेलाच चांगला वाढतो अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे, तेव्हा त्याची तक्रार नोंदवण्याआधी आपला कुठून आला ते आठवावं. सीसीटीव्हीही बसवावा, पण चित्र फार स्पष्ट येऊ देऊ नये. सेक्रेटरींच्या सासूबाई ओळखू आल्या तर पुढच्या वर्षी पार्किंगचं काही खरं नाही.

शेवटचा उपाय जुन्या बायकांचा. जास्वंदीची उद्या उमलणारी टपोरी कळी आदल्या संध्याकाळीच तोडून ताटलीत ठेवावी. पाण्याशिवायही ती सकाळी पूर्ण उमलते. म्हणजे आपल्याच झाडावर आपणच आधी दरोडा घालायचा. पहाटे आकडीवाले काका येतात, रिकामी फांदी खाली-वर करून पाहतात आणि आपण दूध घ्यायला दार उघडलं की काळजीने विचारतात, "यंदा तुमची जास्वंद फुलत नाही वाटतं? शेणखत घाला जरा."