सगळ्यात वरची ओळ

आमच्या शेजारच्या काकूंना नातवाच्या शाळेचा फॉर्म छापायचा होता आणि प्रिंटर काही केल्या ऐकेना. त्यांनी प्रिंटरचं नाव आणि पुढे 'ड्रायव्हर' असं सर्चमध्ये टाकलं, सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. स्क्रीन लाल झाली. भोंगा सुरू झाला. 'तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आहे. मशीन बंद करू नका. या नंबरवर लगेच फोन करा.' बंद करायची फुली कुठे दिसेना. काकूंनी मोबाइलवर निम्मा नंबर दाबला, मग थांबल्या आणि आमची बेल वाजवली.

मी जाऊन एस्केपचं बटण दाबून धरलं. स्क्रीन पुन्हा नेहमीच्या आकारात आली. ब्राउझर बंद केला, भोंगा थांबला. कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं. काकूंचे हात मात्र थरथरत होते.

"अरे, सगळ्यात वरचंच तर उघडलं मी. वरचं म्हणजे खात्रीचं ना?"

नाही काकू. वरचं म्हणजे विकत घेतलेलं.

आधी एक गोष्ट सांगतो. चूक काकूंची नाही. रांगेत जो पहिला उभा, तो योग्य असणार, असं माणूस आयुष्यभर धरून चालतो. त्या विश्वासाची जागा कोणीतरी भाड्याने दिली आणि भामट्याने ती घेतली. 21 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेच्या एफबीआयने हाच इशारा जाहीरपणे दिला होता: सर्चमधल्या जाहिराती विकत घेऊन गुन्हेगार नामांकित कंपन्यांचं सोंग घेताहेत. आणि त्यावर त्यांनी जे उपाय सांगितले, त्यांतला एक होता, जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन वापरा. पोलीस यंत्रणाच जेव्हा जाहिरात अडवा म्हणते, तेव्हा तो हौसेचा विषय उरत नाही. ती दाराची कडी असते.

"आम्ही फक्त चांगल्या साइटवर जातो," असं पुष्कळ जण सांगतात. मार्च 2016 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि बीबीसीच्या साइटवर जाणाऱ्यांनाही जाहिरातींतून घातक प्रोग्रॅम वाढले गेले. बातमी खरी, वृत्तपत्र खरं, जाहिरात विषारी. असं का होतं? वृत्तपत्र पानावर रिकामी चौकट सोडतं. पान उघडत असतानाच त्या चौकटीचा लिलाव होतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत, चार मध्यस्थांच्या हातून. कोणती जाहिरात लागणार, हे संपादकाला आधी माहीत नसतं. भामटाही बोली लावतो. कधी जागा थेट विकूनही फसगत होते. सप्टेंबर 2009 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सकडे एकाने नामांकित कंपनीच्या नावाने जागा घेतली, आधी साध्या जाहिराती दाखवल्या आणि शनिवार-रविवार गाठून त्यांच्या जागी व्हायरसच्या खोट्या इशाऱ्याची जाहिरात लावली. सोळा वर्षं उलटली, पण काकूंसमोर आलेली लाल पाटी त्याच जातीची.

फरक एवढाच की तेव्हा ब्राउझरमधल्या जुन्या फ्लॅश प्लेअरसारख्या प्रोग्रॅमच्या भोकांतून कीड आपसूकही शिरायची. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला कायमचा बंद झाला, ब्राउझर मजबूत झाले. दार फोडणं अवघड झालं, तेव्हा चोराने बेल वाजवायला सुरुवात केली. आता तो तुमच्याच हातून कडी काढून घेतो. हत्यार दोनच: भीती आणि घाई.

म्हणून पहिलं काम, जाहिरात दारातच थांबवा. फायरफॉक्सवर 'यूब्लॉक ओरिजिन', क्रोमवर त्याचं 'लाइट' रूप. दोन्ही फुकट. मात्र ते ब्राउझरच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनच्या दुकानातूनच घ्या, सर्चच्या पहिल्या ओळीतून नको. ज्या वृत्तपत्रावर तुमचं प्रेम आहे त्याला वर्गणी द्या, हवं तर त्याच्या साइटपुरती सूट द्या. जाहिरातीवर वृत्तपत्रं जगतात, हे मला नीट माहीत आहे. पण त्याची किंमत वाचकाच्या घराने मोजायची नाही.

दुसरं काम, अपडेट. 'नंतर आठवण करून द्या' हे बटण महागात पडतं. विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 ला दिलं. 12 मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' शिरला आणि सुमारे 150 देशांतली दोन लाखांहून जास्त मशीन कुलूपबंद करून गेला. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मध्ये 59 दिवस होते. औषध घरात आलेलं होतं, घ्यायचं राहून गेलं.

आज तोच धोका विंडोज 10 वापरणाऱ्यांच्या डोक्यावर आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा आधार संपला. मशीन पेलत असेल तर विंडोज 11 घ्या. नसेल तर मायक्रोसॉफ्टने दिलेली एक वर्षाची जादा मुदत सेटिंग्जमधून नोंदवा, किंवा जुन्या मशीनवर लिनक्स टाका. 'चालतंय ना' म्हणून तसंच ठेवू नका.

तिसरं, क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेलं विकतचं सॉफ्टवेअर. डीटीपी शिकणारी पोरं, लग्नपत्रिका करणारी छोटी दुकानं, घरी बसून पानं लावणारी माणसं, या सगळ्यांशी मला कळकळीने बोलायचंय. क्रॅक उतरवताना सूचना येते: 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' पाहुणा जर घरात पाऊल टाकण्याआधी कुत्रा बांधा आणि दिवे मालवा म्हणाला, तर त्याला आत घ्याल? 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' नावाची खंडणीखोर कीड मुख्यतः क्रॅकमधूनच घरोघर पोहोचली. तिने लग्नाचे फोटो, प्रबंध, हिशेब, सगळं कुलूपबंद केलं. मागणी 980 डॉलरची, 72 तासांत संपर्क केला तर निम्मी. काही जुन्या प्रकारांची किल्ली ऑक्टोबर 2019 मध्ये मोफत मिळाली, नव्यांची सहसा नाही मिळाली. आणि हा धोका पत्करायची गरजही नाही. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्त आणि बलू हे देखणे देवनागरी फॉन्ट मोफत, कायदेशीर मिळतात. लिब्रेऑफिस तर मराठी मेनूसकट मिळतं.

चौथं, कोपऱ्यात टपकणाऱ्या पाट्या. 'तुमचा पीसी धोक्यात', 'अँटिव्हायरस संपला'. बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. कधीतरी एखाद्या साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं आणि आपण 'अलाउ' दाबलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडा, अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम.

अँटिव्हायरस हवाच, पण एकच. विंडोजमधला डिफेंडर सुरू आहे का ते पाहा, घरातल्या साध्या वापराला तो पुरतो. वेगळा विकत घ्यायचा तर जरूर घ्या. मशीनमध्ये काही शिरल्याची शंका आली तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं मोफत आहेत. 2017 पासून आहेत. आणि फोटो-कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात. लावलेली डिस्क मशीनबरोबरच कुलूपबंद होते.

आता लाल पाटीबद्दल, कारण ती पुन्हा येईल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की पाटी खोटी, दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. एस्केप दाबून धरा, ब्राउझर बंद करा. जमत नसेल तर पॉवरचं बटण दाबून मशीनच बंद करा, काही बिघडत नाही. नंतर ब्राउझर उघडल्यावर जुनी पानं परत आणू का विचारेल, तिथे नाही म्हणा. फोन लावून बसला असाल आणि पलीकडच्याला मशीनचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा नंबर फिरवा. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं, म्हणून इथे मिनिटं मोजायची. लाज वाटून रात्रभर गप्प बसणं हेच भामट्याला हवं असतं.

काकूंच्या कॉम्प्युटरवर आम्ही त्याच संध्याकाळी हे सगळं केलं. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून, पत्ता स्वतः टाइप करून घेतला. फॉर्म छापला. कागद हातात घेऊन काकूंनी विचारलं, "ज्याने ती जाहिरात केली तो लबाड, हे कळलं. पण त्याला सगळ्यात वर ज्यांनी बसवलं, त्यांना कोणी काही विचारत नाही का?"

हा प्रश्न मला आठवडाभर सोडत नाहीये. सर्चमधल्या जाहिरातीचे पैसे बहुधा क्लिकमागे घेतले जातात. म्हणजे काकूंनी घाबरून मोबाइल उचलला, त्याच्या आधीच त्यांच्या क्लिकचे पैसे कोणाच्या तरी खात्यात जमा झाले होते. ज्याने ते घेतले, त्याने जाहिरातदार कोण, तो नेतो कुठे, हे तपासलंच पाहिजे. तपासलं नाही तर नुकसान त्याने भरून दिलं पाहिजे. हा नियम आपण मागायला हवा, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा.

तो होईपर्यंत घराघरातल्या काकूंनी निम्मा नंबर दाबून थांबावं, आणि शेजारची बेल वाजवावी. ती बेल वाजली की आपण लगेच दार उघडावं.