तात्यांचं एस्टिमेट

कोयना प्रकल्पातून निवृत्त होऊन तात्यांना बरीच वर्षं झाली, पण खांब दिसला की हात अजून खिशातल्या डायरीकडे जातो. हल्ली कोयनानगरात कुणाच्या घरी फायबर आणायला किती खर्च येईल, याचं एस्टिमेट ते काढून देतात. कुणी मागितलेलं नसतं.

"वायरीला काय लागतंय? केसाएवढी काच ती. पैसा जातोय खड्ड्यात!"

हे मात्र खरं आहे. गावोगावी ब्रॉडबँड नेणाऱ्या सरकारी भारतनेट योजनेची केबल 1.65 मीटर खोल पुरायची असा दंडक होता; सह्याद्रीतल्या कातळाला तो कुणी कळवला नव्हता. विजेच्या खांबांवरून ओढावी तर आमचा पाऊस आणि त्याच्या जोडीला माकडं. वाटेत अभयारण्य लागलं तर वनखात्याचे कागद वेगळेच. 2011 साली केंद्रानं मंजूर केलेली मूळ योजना होती ग्रामपंचायतीपर्यंत. पंचायतीपासून उंबऱ्यापर्यंतचा तुकडा सगळ्यात महाग, आणि तोच नेमका बिनमालकाचा.

"1999 साली शिवसागराला पाण्याखालून भोक पाडलं आम्ही. ह्यांना अंगणापर्यंत वायर आणता येईना?" तात्या विचारतात. कोयना धरणाच्या जलाशयातल्या त्या लेक टॅपिंगच्या वेळी तात्या स्टोअरमध्ये गमबूट वाटत होते, पण 'आम्ही' म्हणायचा हक्क त्यांना आहेच.

2023 साली सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी मंजूर झाले, तेव्हा त्यांनी आकडा डायरीत उतरवला आणि खाली लिहिलं : 'पैकी आमचे तीन खांब.'

कारण तात्यांचं घर वस्तीच्या टोकाला. केबलवाल्या पोरानं सरळ सांगितलं, "पहिलं कनेक्शन घेणाऱ्यानं खांबांचा खर्च उचलायचा. दुसऱ्याला नुसती वायर."

तात्यांनी रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळी निकाल काढला, की आधी शेजारच्या गुरुजींनी घ्यावं. गुरुजी गणिताचे. त्यांचं उत्तर आधीच तयार होतं, फक्त नाव तात्यांचं होतं.

तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी रेंज येते त्या वळणावर कठड्याला टेकून उभे असतात. धरणात किती टीएमसी झालं, यावर बोलतात. खांबांचा विषय कुणी काढत नाही.

यंदा गणपतीच्या आधी तात्यांनी गुरुजींच्या पुण्याच्या नातवाला मुद्दाम फोन लावला. "लॅपटॉप घेऊनच ये रे, चांगला महिनाभर राहा." गुरुजींनी तात्यांच्या सुनेला हेच आठवडाभर आधी सांगून ठेवलंय.